पाय झटकून चढा

"पाय झटका! आधी पाय झटका! माझी गाडी म्हणजे तुमचं अंगण नव्हे!"

बासूने सवयीने आरोळी ठोकली, आणि मग त्याच्या लक्षात आलं की प्रवासी चढत नव्हते, उतरत होते. एक स्पॅनिश म्हातारा बिचारा पायरीवर उभा राहून खरंच बूट आपटू लागला. मागे उभी असलेली त्याची बायको तूदा तोंडाला पदर लावून खुदुखुदु हसत होती.

"अरे, उतरू दे की त्यांना! एवढा कसला घाबरलायस?"

"मी? मी कशाला घाबरू?" बासू म्हणाला आणि गाडीची किल्ली हातातून पडली.

घाबरायला कारण होतं. उद्यापासून बासू नोकरी सोडून घरी बसणार होता, त्याची गाडी दुसरा कुणी चालवणार होता. शेवटची फेरी म्हणून मालकाने बायकोला सोबत न्यायची परवानगी दिली होती, वर 'आज गाडी सोडून फिरा खुशाल' असंही म्हटलं होतं. तूदा पहाटेपासून नुसती नाचत होती. नवी पिवळी चप्पल, लग्नातली चांदीची माळ, काखेत फडक्यात बांधलेलं गाठोडं. समोर कोरड्या नदीपलीकडे आईत बेन हद्दूचा क्सार, म्हणजे तटबंदीतलं जुनं गाव, उन्हात लालभडक उभा होता. तट, बुरूज, एकावर एक चढत गेलेली मातीची घरं आणि अगदी डोक्यावर धान्याचं जुनं कोठार.

"अगंबाई!" तूदा म्हणाली. "तू सांगतोस त्याच्याहून मोठा आहे की रे!"

बासूने नजर चुकवली. कारण त्या क्सारात त्याने आजवर पाऊलच ठेवलं नव्हतं.

गाडी सोडून जायचं नाही, असा मालकाचा दंडक. प्रवासी वर जायचे आणि बासू यिदीरच्या चहाच्या टपरीत खुर्ची टाकून त्यांची वाट बघायचा. पण नोकरीच्या पहिल्या दिवशी घरी गेला तेव्हा तूदाने चुलीपुढून डोळे मोठे करून विचारलं होतं, "कसं आहे रे वर?" आता त्या डोळ्यांना 'मी टपरीच्या सावलीत बसलो होतो' असं कोण सांगणार? त्याने सांगून टाकलं. परतीच्या वाटेवर प्रवासी जे बोलायचे त्यातलं थोडं, पदरचं बरंच. दर गुरुवारच्या फेरीनंतर भर पडत गेली. अंगणातलं अंजिराचं झाड आलं, बुरुजावरचं करकोच्यांचं घरटं आलं, आणि शेवटी इज्जा आली. इज्जा म्हणजे भट्टीवर रोट्या भाजणारी एक म्हातारी. ती बासूला मुलगा मानायची आणि भट्टीतली पहिली रोटी त्याच्यासाठी बाजूला ठेवायची.

"गाठोड्यात काय आहे?" त्याने भीत भीत विचारलं.

"इज्जाला भेटायला रिकाम्या हाताने जायचं का?"

तेवढ्यात टपरीतून यिदीर ओरडला, "दादा, चहा टाकलाय! खुर्चीपण सावलीत सरकवली!"

"आज खुर्ची नको. मी वर चाललोय."

"वर? तुम्ही?" यिदीरची किटली हवेतच राहिली. बासूने दोन्ही डोळे मिचकावले, भुवया उडवल्या. यिदीर हुशार, पण अभिनयात कच्चा. "हां हां, वर! नेहमीसारखं! वहिनी, काय सांगू, यांचा पाय कधी खाली ठरतच नाही!"

"हो ना," तूदा म्हणाली. "मला माहितीये ना."

नदीतल्या दगडांवरून तूदा पोरीसारख्या उड्या मारत गेली. दरवाजातून आत शिरताच ती कधी भिंतीला हात लावे, कधी वर बघून "बासू, ते बघ!" म्हणून किंचाळे. आणि गंमत म्हणजे, बासूलाही राहवेना. केवढे उंच बुरूज! त्यावरची ती मातीची नक्षी! खालून हे सगळं किती चिमुकलं दिसायचं. त्याला धावत सुटावंसं वाटत होतं. पण ज्याने हजारदा पाहिलंय त्याने 'अबब' कसं म्हणायचं? तो नुसता मान डोलवत पुढे चालला. जोरात डावीकडे वळला, मग उजवीकडे, आणि एका गोठ्यात जाऊन उभा राहिला. गाढवाने त्याच्याकडे बघितलं.

"वाट चुकलात का, दादा?" दारात बाजरी निवडत बसलेल्या बाईने विचारलं.

"छे! हिला मुद्दाम जुनी वाट दाखवत होतो."

"ही वाट गाढवाचीये," बाई म्हणाली.

तूदा तिच्याकडे वळली. "ताई, इथे इज्जाचं घर कुठलं? भट्टीवाली इज्जा. माझ्या नवऱ्याला मुलगा मानते."

बाईने कपाळाला आठ्या घातल्या. "इज्जा?"

"गेली!" बासू एकदम ओरडला. "गेली ती. मागच्याच महिन्यात. तुला सांगवेना मला."

तूदा जवळच्या पायरीवर बसली. तिने दोन्ही तळवे वर केले, डोळे मिटले आणि फातिहा म्हणू लागली. बाईने सूप बाजूला ठेवलं आणि तिनेही हात उचलले. शेजारच्या दारातून आणखी एक म्हातारी आली, कुणासाठी ते न विचारताच उभी राहिली. तिघी बायका कधी जन्मालाच न आलेल्या बाईसाठी प्रार्थना करत होत्या, आणि बासू गाढवाशेजारी उभा राहून घामाने भिजत होता. आयुष्यात त्याला एवढी लाज कधी वाटली नव्हती.

तिथून दोघं वर कोठारापर्यंत चढली. माथ्यावर पोचले तसा वारा अंगावर आला. खाली खजुरांची हिरवी रांग, पलीकडे उजाड लाल माळ आणि लांब डोंगरांवर बर्फ. तूदाने हात पसरले आणि आनंदाने मोठ्याने आरोळी दिली.

"तूदा," बासू म्हणाला, "इज्जा नाहीये. कधीच नव्हती. मी इथे आजच पहिल्यांदा आलोय."

"ठाऊक आहे," ती डोंगरांवरची नजर न काढता म्हणाली.

"काय?"

"इथली माती बघ. चप्पल पिवळी होती, आता ओळख! आणि तुझे बूट इतकी वर्षं मी पुसतेय. एकदा तरी लाल निघाले का रे? पहिल्याच महिन्यात कळलं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"इतकं छान सांगायचास. मी गुरुवारची वाट बघायचे." तिने डोळे पुसले, वाऱ्याने असतील किंवा नसतीलही. "वाईट एकाच गोष्टीचं वाटायचं. एवढं सगळं सांगणारा माणूस खाली खुर्चीत बसून असतो. मी क्सार बघायला नाही आले, बासू. तुला तो दाखवायला आलेय."

"आणि ती प्रार्थना?"

"माझ्या आईसाठी केली. वाया कशाला घालवू?"

तिने गाठोडं सोडलं. आत तिने पहाटे भाजलेली रोटी होती, लोणी लावलेली. तिने ती मोडली आणि मोठा तुकडा त्याच्या हातावर ठेवला.

"घे. पहिली तुझी."

बासू खाली बसला आणि मग मात्र त्याने मनातलं सगळं बाहेर काढलं. ते बघ घरटं! खरंच आहे की गं घरटं! मला वाटलं मीच रचलं होतं! दोघं तोंडात घास घेऊन लहान मुलांसारखी एकमेकांना बोटाने दाखवत राहिली.

उतरले तेव्हा प्रवासी गाडीपाशी ताटकळले होते. बासूला येताना बघून स्पॅनिश म्हाताऱ्याने मुकाट्याने बूट आपटायला सुरुवात केली, मागोमाग बाकीच्यांनीही. लाल धूळ उडाली. सगळे चढल्यावर तो दाराशी आला, आपल्या बुटांकडे एकदा बघितलं, आणि पाय न झटकता तसाच वर चढला.