जरा पडून बघा

गादीवाल्याच्या दुकानात येणारे सगळे एकच गोष्ट करायचे. आत आले की पहिल्या गादीवर तळहात दाबायचे, मग दुसऱ्या गादीवर, जणू डॉक्टर पोट तपासतोय. मग "छान आहे, सांगतो घरी विचारून," म्हणून निघून जायचे. घरी काय विचारायचे देव जाणे, कारण परत कुणी येत नसे.

दुकान त्याच्या वडिलांनी काढलं होतं. वडिलांची गादी चालवणं म्हणजे काय, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आठ पलंग, आठ गाद्या, समोर मोठी काच आणि कोपऱ्यात गल्ला. वडिलांचे गुडघे कुरकुरायला लागले तसा त्याने सगळा कारभार हातात घेतला. त्यांना घरी करमत नसे. ते रोज दुकानात येऊन बसत आणि मुलगा त्यांना म्हणत असे, "बाबा, तुम्ही फक्त बसा. गिऱ्हाइकाशी मी बोलतो."

आणि तो बोलायचा. गिऱ्हाईक उंबऱ्यात असतानाच सुरुवात व्हायची. आत किती थर आहेत, कापूस कुठला, स्प्रिंगा किती, हमी किती वर्षांची. गिऱ्हाईक दोन पावलं पुढे गेलं की हा त्याच्या मागोमाग. मध्ये त्याने विक्रीकलेचा दोन दिवसांचा वर्ग केला. लोकांना काय हवं ते लोकांनाच विचारा, असं तिथे शिकवलं. त्याने फॉर्म छापले. सगळ्यांनी लिहून दिलं : टणक, पाठीला आधार देणारी, टिकाऊ. त्याने अगदी तश्शी गादी मागवली. लोकांनी तिच्यावरही तळहात दाबला आणि घरी विचारायला गेले.

एका दुपारी जेवण झाल्यावर वडिलांना पेंग आली. काचेजवळच्या गादीवर ते क्षणभर टेकले आणि बघता बघता घोरायला लागले. गादीवाला त्यांना उठवणार, तेवढ्यात एक निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको आत आली. गादीवाला ओशाळला. बोलावं तर बाबा दचकून उठतील. तो गल्ल्यामागे जाऊन गप्प उभा राहिला.

मास्तरीणबाई म्हाताऱ्याकडे बघत राहिल्या. मग नवऱ्याच्या कानाशी कुजबुजल्या, "बघा कसे गाढ झोपलेत." शेजारच्या गादीवर त्या हळूच बसल्या, चपला काढल्या आणि आडव्या झाल्या. मास्तर दुसऱ्या बाजूला. दोघं पाच मिनिटं छताकडे बघत पडून होते. उठल्यावर मास्तर गल्ल्यापाशी आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "ते झोपलेत ती कुठली? तीच द्या."

गादीवाल्याला वाटलं, सापडली किल्ली. दुसऱ्या दिवशी त्याने वडिलांना नवी उशी दिली, पांघरूण दिलं आणि म्हणाला, "बाबा, झोपा."

"आत्ता? सकाळी अकराला?"

"गिऱ्हाइकं अकरालाच येतात."

वडिलांनी मुलासाठी आयुष्यात बरंच काही केलं होतं, हेही केलं. पण झोप काही हुकमाने येत नाही. ते डोळे मिटून ताठ पडले. पापण्या फडफडत होत्या. कुणी आलं की घाईघाईने घोरायचे. आईबरोबर आलेली एक चिमुरडी त्यांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन बराच वेळ निरखत होती. मग तिने जाहीर केलं, "आई, हे जागे आहेत." वडिलांना हसू फुटलं, पोट गदगदा हलायला लागलं. आई तिला ओढतच बाहेर घेऊन गेली. चार दिवस हे नाटक चाललं आणि एक उशीसुद्धा खपली नाही.

गादीवाल्याची बायको दवाखान्यात परिचारिका होती. सुट्टीच्या दिवशी ती दुकानात आली आणि सासऱ्यांशेजारी बसून तासभर नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "अहो, मास्तर आले तेव्हा तुम्ही काय करत होतात?"

"काहीच नाही. गल्ल्यामागे गप्प उभा होतो."

"हं. तेच."

"तेच काय?"

"आमच्याकडे पेशंटला झोपा म्हणायच्या आधी आम्ही पडदा ओढतो. अनोळखी माणसापुढे आडवं व्हायला लाज वाटते हो. पायमोज्याला भोक असतं, पोट सुटलेलं असतं. आणि तुम्ही डोक्याशी उभं राहून स्प्रिंगा मोजून दाखवता. कोण झोपेल?"

"पण फॉर्मवर तर असं कुणीच लिहिलं नाही."

"मला लाज वाटते, असं कोण लिहून देईल?"

वडील पांघरुणातूनच म्हणाले, "मलासुद्धा वाटते. आता उठू का मी?"

त्याच संध्याकाळी तिघं कामाला लागले. गाद्यांवरचं चुरचुरणारं प्लॅस्टिक काढून चादरी घातल्या. मागच्या चार पलंगांभोवती पडदे लावले. चपला काढायला एक बाक ठेवलं. गल्ल्यावर वडील वर्तमानपत्र उघडून बसू लागले. त्यांना एवढंच म्हणायचं होतं, "जरा पडून बघा, घाई नाही." आणि गादीवाल्याने काहीतरी निमित्त काढून दहा मिनिटं बाहेर जायचं होतं.

हे त्याला सगळ्यात जड गेलं. पहिल्या दिवशी तो समोरच्या फुटपाथवर येरझाऱ्या घालत होता आणि शेजारचा चष्मेवाला त्याला विचारत होता, "घरी सगळं ठीक आहे ना?" पण पडद्याआड चपला निघू लागल्या. नवरा-बायको आत हळू आवाजात कोण जास्त जागा अडवतं यावर वाद घालायचे आणि वाद मिटला की मोठी गादी घ्यायचे. महिन्याभरात दोनदा नवा माल मागवावा लागला.

एकदा रात्रपाळी संपवून एक बसचालक आला. पडद्याआड गेला तो दीड तास बाहेरच आला नाही. गादीवाला चारदा पडद्यापर्यंत गेला आणि चारदा चवड्यांवर परत आला. शेवटी चालक डोळे चोळत, खजील चेहऱ्याने आला.

"माफ करा. डोळाच लागला."

"त्यात काय. गादी पसंत पडली म्हणायची. पाठवू घरी?"

"घरी अशीच आहे," चालक म्हणाला. "पण घरी तीन पोरं आहेत आणि वर राहणारा तबला शिकतोय."

गादीवाल्याच्या जिभेवर हमीची सगळी वाक्यं आली होती. ती गिळून तो हसला. चालकाने एक उशी घेतली, बहुधा भिडेखातर, आणि दारात घुटमळत विचारलं, "पुढच्या शुक्रवारी पुन्हा रात्रपाळी आहे. आलो तर चालेल?"

गल्ल्यावरून वर्तमानपत्र खाली न करता वडील म्हणाले, "मागच्या खिडकीजवळचा पलंग घ्या. तिकडे वारा चांगला येतो."