शून्य पत्त्यावरची जागा

गुनवोरने आपल्या संगणकाच्या मेमरीला नवी हद्द घातली, तो बंद करून पुन्हा सुरू केला आणि सगळ्यात आधी विणकामाचा प्रोग्रॅम उघडायला गेली. तो उघडलाच नाही. हवी ती जागा मिळत नाही, अशी एक ओळ पडद्यावर उमटली आणि सगळं थंड. हे होणार हे तिला ठाऊकच होतं.

बोरोस या कापडगिरण्यांच्या शहरातल्या शाळांचे संगणक ती सांभाळायची. त्यांच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, तीच बांधून द्यायची. २००९ साली एकाच जातीच्या चुका पाठोपाठ उघडकीला येत होत्या. कर्नल कधी चुकून मेमरीतल्या शून्य पत्त्यावर जाई. ती जागा रिकामी असली तर अडखळून थांबे. पण एखाद्या लबाड प्रोग्रॅमने तिथे आधीच मुक्काम ठोकलेला असला, तर कर्नल आपल्या सगळ्या अधिकारानिशी त्याच्याच तालावर नाचे. म्हणून तळाची थोडी जागा कुणालाच द्यायची नाही, अशी हद्द घालायची होती.

पण डॉस या जुन्या सिस्टिमच्या जमान्यातले प्रोग्रॅम थेट शून्यापासूनच पाय पसरत. विणकामाचा प्रोग्रॅम त्यांतलाच. शहरातली शेवटची मोठी गिरणी बंद पडायला आली, तेव्हा तिथल्या नक्ष्या वाचवायला तो तिने आणि तिचा तेव्हाचा सहकारी स्टेलान याने मिळून लिहिला होता. आता तो फक्त विणकाम शाळेत चालत होता.

मंगळवारी ती शाळेत गेली. हातमागांच्या खोलीत लोकरीचा ओलसर वास होता. स्टेलान निवृत्त झाला होता, पण मंगळवारची कॉफी प्यायला यायचाच. शिक्षिका इंगेला वेलचीचे पाव कापत होती. गुनवोरने कोट न काढताच सगळं सांगून टाकलं.

"मग आमच्याकडे नको घालूस ती हद्द," इंगेला म्हणाली. "बाकी शाळांत घाल. आमच्या सुताच्या गुंड्या कोण चोरणार आहे?"

"तुझ्या विद्यार्थिनी याच संगणकांवर काय काय उतरवून घेतात, बघितलंयस कधी? आणि इथून आत शिरलेला माणूस पुढे सगळ्या शाळांत जाईल."

"म्हणजे आमचा प्रोग्रॅम मेला."

गुनवोरने स्टेलानकडे पाहिलं. त्याच्याच विरोधाची तिला भीती होती. तो पावावरची साखर बोटाने टिपत होता.

"काय बघतेस? दार लावून घे की," तो म्हणाला. "आपण लिहिला तेव्हा घरात आपण दोघंच होतो, दारं सताड उघडी. आता अख्खं गाव राहतं तिथे."

"तुला वाईट नाही वाटत?"

"वाटतं ना. पण तू अजून घाबरटच आहेस, गुनवोर. खरा प्रोसेसर कशाला हवाय प्रोग्रॅमला? खोटा दे. एकेक सूचना वाचून तिची नक्कल करणारा. त्याचं शून्य त्या नकलेच्या आत राहील, खऱ्या मेमरीत हवं तिथे."

"केला होता विचार. पण या जुनाट संगणकांवर तो रांगत चालेल रे."

"रांगू दे. कुणाची गाडी चुकतेय?"

तिने तिथल्या तिथे ते जमवलं. हद्द घातली, संगणक पुन्हा सुरू केला. प्रोग्रॅम उघडला. इंगेलाने एका घोंगडीची नक्षी मागितली आणि पडदा वरून भरू लागला. एक ओळ. मग थांबून दुसरी.

गुनवोर बघतच राहिली. गिरणीच्या वरच्या मजल्यावर प्रोग्रॅम अश्शीच ओळ ओळ काढायचा. नक्षी पुरी होईपर्यंत करायला काही नसायचं, म्हणून दोघं बोलत बसायची. स्टेलानची बायको त्याला सोडून गेली, हे त्याने तिला एका टॉवेलची नक्षी उमटेपर्यंत सांगितलं होतं. आपली आई वारली तेव्हा तिने पडद्याकडे तोंड करून रडून घेतलं होतं, आणि तो शेजारी ओळी मोजत बसला होता. पुढे संगणक वेगवान झाले, नक्षी बटण दाबताक्षणी यायला लागली, आणि शेजारी बसायचं कारणच उरलं नाही.

"अडकलाय का तो?" मागावर बसलेल्या एका मुलीने विचारलं.

"नाही गं," स्टेलान म्हणाला. "विणतोय." आणि त्याने गुनवोरसाठी खुर्ची ओढली. "कोट तरी काढ आता. मुलगी कशी आहे तुझी? पोर्तुगालहून परत आली का?"

गुनवोरने कोट काढला. त्याच आठवड्यात तिने सगळ्या शाळांत हद्द लागू केली. इंगेला हिवाळाभर कुरकुरली आणि वसंतात तिने नवा प्रोग्रॅम आणला. स्टेलानने त्याला नावं ठेवली नाहीत. पण तोवरचे सगळे मंगळवार गुनवोर, काम असो नसो, विणकाम शाळेत जात राहिली.