अडलेली नवाई

तिसऱ्या दिवशी सकाळी पाऊस थांबला तेव्हा रायसिंग चर्चच्या ओट्यावर, अगदी कडेला, गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. खाली बघायचं नाही असं त्यानं मनाशी ठरवलं होतं, पण नजर फिरून फिरून तिकडेच जात होती. उंबरपाड्याची शेतं होती तिथं आता तांबूस पाणी पसरलं होतं. बांधांवरचे साग तेवढे कमरेइतके बुडून उभे होते. भाताचं एक पातं दिसत नव्हतं.

वादळ उठलं होतं लांब, समुद्रात. गुजरातच्या किनाऱ्यावर ते आपटलं आणि तिथून निघालेला पाऊस सीमेवरच्या या डोंगरांत येऊन अडकला. नदीनं नवापूरच्या रस्त्यावरचा फरशी पूल नेला, काठाची कुडाची घरं नेली, घरांतल्या धान्याच्या कणग्या भिजवून फोडल्या. माणसं मात्र वेळेवर टेकडीवर चढली. टेकडीवर होतं काय, तर पत्र्याचं लहानसं चर्च आणि त्याला लागून योहानचं घर. पाड्यातली सतरा घरं, त्यांतली दहा ख्रिस्ती आणि सात जुन्या देवांना मानणारी, सगळी आता त्या दोन छपरांखाली दाटीवाटीनं बसली होती.

योहान हा रायसिंगचा सख्खा धाकटा भाऊ. आधी त्याचं नाव रेवजी होतं. बावीस वर्षांपूर्वी त्यानं बाप्तिस्मा घेतला, तेव्हापासून दोघांत भांडण असं कधी झालं नाही, पण बोलणंही फारसं उरलं नाही. बाजारात समोरासमोर आले तर "बरा आहेस?" "बरा आहे," एवढ्यावर भागायचं. ते आठवून रायसिंगला इथं अंग चोरून बसावंसं वाटत होतं. पण अंग चोरायचं खरं कारण दुसरंच होतं.

सात घरांची नवाई त्याच्या हातची होती. नवं भात आधी देवाला आणि मेलेल्या वाडवडलांना द्यायचं, मग माणसांनी खायचं. रायसिंगनं सागाच्या पानावर नवा दाणा ठेवून वाडवडलांची नावं घेतल्याशिवाय त्या घरांतलं कोणी शेताला विळा लावत नसे. लावला तर घरात आजार शिरतो, असं सगळे मानत. हे काम बापाकडून त्याच्याकडे आलं होतं आणि चाळीस वर्षांत ते कधी चुकलं नव्हतं.

यंदा भात लवकर पिकलं. लोक येऊन विचारू लागले. ठकुबाई तर तीनदा येऊन गेली. तिचं शेत नदीला लागून, नवरा नाही, जे काही पिकेल त्यावर वर्ष काढायचं. तिला रायसिंगनं तीनदा एकच उत्तर दिलं होतं, "रविवारपर्यंत थांब. वाहरू येतोय."

वाहरू हा त्याचा एकुलता एक मुलगा, सुरतेला कापडाच्या मिलमध्ये. तीन वर्षं तो नवाईला आला नव्हता. रायसिंगच्या डोक्यात आलं, आपण सत्तरी गाठली, नावं त्याला ऐकवायला हवीत. वाहरूनं फोनवर येतो म्हटलं, आणि रायसिंगनं सात घरांचं पिकलेलं भात आठ दिवस शेतात उभं ठेवलं. ख्रिस्ती घरांनी तोवर आपलं पहिलं भात कापून, झोडून, रविवारच्या अर्पणासाठी सहा गोण्या चर्चमध्ये आणूनही ठेवल्या. शनिवारी पाऊस सुरू झाला. वाहरू काही आला नाही.

तीन दिवसांत कोणी एका शब्दानं रायसिंगला दोष दिला नव्हता. दिला असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटत होतं.

चुलीपाशी रिबेका, योहानची बायको, रिकामा डबा घेऊन उभी होती. थोरल्या दिराशी सरळ बोलायचं नाही ही जुनी रीत तिनं बाप्तिस्म्यानंतरही सोडली नव्हती. रायसिंगनं ऐकावं असं काही असलं की ती दुसऱ्या कोणाशी तरी मोठ्यानं बोलायची.

"ठकुबाई, पीठ संपलं हं. काल डबा उलटा करून आपटला, आता आपटायलाही काही नाही. म्हणाल तर डबाच भाजून वाढते."

"वाढ की," ठकुबाई म्हणाली. "फक्त माझ्यापुरता पातळ कर. दात नाहीत मला."

दोन-चार जण हसले. रिबेकाची नात प्रिस्किला आजीच्या लुगड्याला लोंबकळत होती. ती रडत नव्हती, आणि तेच रिबेकाला सहन होत नसावं. ती योहानकडे वळली.

"आत सहा गोण्या आहेत."

"त्या देवाच्या आहेत," योहान हळू आवाजात म्हणाला. तो चर्चचा पंच होता. "प्रार्थना झाल्याशिवाय कशा सोडू? लोकांनी विश्वासानं आणून ठेवल्यात. पास्टर आल्याशिवाय…"

"पास्टर नवापुरात आणि पूल नदीत. आणि तुम्ही गोण्या सोडल्या तरी या सात घरांचे हात पुढं येणार नाहीत, त्यांची नवाई कुठं झालीय?" रिबेकाचा आवाज चढला. "म्हणजे तुमचा देव पास्टरची वाट बघतोय आणि त्यांचा वाहरूची. दोन्ही देव उपाशी. मध्ये ही पोरं."

थोरल्या दिरासमोर आपण बोलून गेलो हे रिबेकाला जाणवलं, तिनं पदर पुढं ओढला. रायसिंग उठून उभा राहिला खरा, पण जायचं कुठं? चारी बाजूंनी पाणीच होतं. तो ओट्याची पायरी उतरला आणि तिथंच थांबला.

योहान चर्चमध्ये गेला. दार उघडंच होतं, त्यामुळे तो काय बोलतो ते बाहेर ऐकू येत होतं. पास्टरसारखं त्याला जमत नव्हतं. "प्रभू, हे तुझंच आहे," एवढं म्हणून तो बराच वेळ अडखळला, मग म्हणाला, "लोक भुकेले आहेत. मी सोडतोय. चुकलं तर माझं चुकलं, यांचं नाही. आमेन." दहा घरांनी बाहेरून "आमेन" म्हटलं. मग सुतळी तोडल्याचा आवाज आला.

तो बाहेर आला तो ओंजळीत भात घेऊन. सरळ रायसिंगपाशी येऊन म्हणाला, "दादा, धर."

रायसिंगनं हात पुढं केला नाही. "नवाईला आपल्या शेतातलं भात लागतं. हे तुमचं आहे."

"ही माझी गोणी आहे. वरच्या तुकड्यातलं भात. तो बांध कोणी घातला? आपण दोघं मातीच्या पाट्या वाहत होतो आणि बाप आपल्याला शिव्या देत होता. वाटणीनंतर ते शेत दुसऱ्या कोणाचं झालं का?"

रायसिंग दाण्यांकडेच बघत, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "शेताचं सोड. माझा हात चालेल का? पोराची वाट बघत बसलो मी. सात घरांचं भात माझ्यामुळं गेलं. ठकुबाई तीनदा आली होती. मी परत पाठवली."

"चारदा," ठकुबाई म्हणाली. "एकदा तू झोपला होतास."

मग ती काठी टेकत उठली. "माहीत आहे सगळ्यांना. तीन दिवस तेच तोंड घेऊन बसलायस, बघून बघून कंटाळा आला. भात गेलं म्हणून रडायचंय तर मी रडेन, माझं गेलंय. तुझा हात तेवढा राहिलाय, तो तरी चालव. भूक लागलीय."

रायसिंगनं ओंजळ पुढं केली.

रिबेकानं उखळ बाहेर काढलं. ख्रिस्ती बायका आणि सात घरांच्या बायका आळीपाळीनं मुसळ चालवू लागल्या. टेकडीच्या उतारावर, चर्चपासून जरा बाजूला, एका सागाखाली रायसिंगनं जागा साफ केली, पान मांडलं, त्यावर नवा तांदूळ ठेवला. मग तो थांबला. मोहाच्या दारूची धार सोडावी लागते, ती कुठून आणायची? योहानच्या घरात दारू नसायची.

ठकुबाईनं कमरेची चंची सोडली. तिच्यात औषधाची एक लहानशी बाटली होती. "घर गेलं, कणगी गेली," ती म्हणाली, "ही एवढी अंगावर राहिली."

रिबेकानं तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. योहान आभाळाकडे बघू लागला.

रायसिंगनं धार सोडली आणि नावं घ्यायला लागला. बाप होन्या. आजा जत्र्या. चुलत आजा सुपड्या. पुढचं नाव काही येईना. चाळीस वर्षं घेतलेलं नाव, आणि आज जिभेवर फक्त वाहरूचं नाव येत होतं. त्यानं डोळे मिटले, पुन्हा बापापासून सुरुवात केली, पुन्हा तिथंच अडला. मागं सात घरं श्वास रोखून उभी होती.

"देवज्या," मागून आवाज आला.

योहान चर्चच्या पायरीवरच होता, खाली उतरला नव्हता. "पणजा देवज्या. वाघानं नेला तो. बाप सांगायचा, त्याला विसरू नका, तो घरी परतला नव्हता."

"देवज्या," रायसिंग म्हणाला, आणि पुढची नावं एकामागून एक आली.

भात शिजला. पहिला घास नवाई करणाऱ्यानं खायचा असतो. रायसिंगनं तो उचलला आणि ठकुबाईपुढं धरला.

"मला नको देऊ," ती म्हणाली. "तू खाल्ल्याशिवाय आमचे हात अडलेत. इतके दिवस अडवलेस, पुरे झालं. आणि नीट ऐक. पुढच्या वर्षी भात पिकलं की नवाई. वाहरू आला तर आला."

"हो," रायसिंग म्हणाला.

त्यानं घास तोंडात घातला. नवा तांदूळ चिकट आणि गोड होता, गिळायला त्याला वेळ लागला. मग सतरा घरांचे हात पुढं आले. सहा गोण्या किती दिवस पुरणार, ते कोणीच बोललं नाही. योहाननं मात्र एका गोणीचं तोंड पुन्हा शिवून ती भिंतीशी उभी केली. "ही बियाण्याला," तो म्हणाला. "सात घरांना."

रिबेका पातेलं घेऊन फिरत होती. रायसिंगपाशी आली तेव्हा तिनं इकडंतिकडं पाहिलं. ज्याच्याशी बोलावं असं जवळ कोणी नव्हतं.

"दादा," ती म्हणाली, "अजून वाढू?"

रायसिंगनं पान पुढं केलं.