मिशीवाल्यांच्या डब्यातले चार नंबर

मी एक जुने रीळ आहे, क्रमांक चार. माझ्या आधी तीन रिळे आणि माझ्यानंतर सहा. कोणती तीन आणि कोणती सहा, हे मात्र मला आजही धड सांगता येत नाही. ऐका मित्रांनो, कदाचित तुम्हालाच काही उलगडेल.

एका जाडजूड रशियन कादंबरीवर दोन चित्रपट निघाले होते. नाव एकच, गोष्ट एकच, दोन्ही कृष्णधवल. एकातल्या डॉक्टरला झुबकेदार मिशी, दुसऱ्यातला गुळगुळीत. मी गुळगुळीतांच्या घरातले. रशियन कादंबऱ्यांवरच्या चित्रपटांचा आठवडा भरला, तेव्हा तुलना करता यावी म्हणून आमच्या थिएटरात दोन्ही एकाच दिवशी लावले. खेळ संपल्यावर ऑपरेटरकाकांनी आम्हा सगळ्यांना उलटे गुंडाळून डब्यांत भरले. डब्यांवर नाव तेच, आकडा तोच, आणि काकांना घरी जायची घाई. मी मिशीवाल्यांच्या डब्यात गेले आणि त्यांचे चार नंबर आमच्या.

पुढच्या खेळाला माझी भीतीने गाळण उडाली. तिसऱ्या रिळात मिशी, माझ्यात नाही, पाचव्यात पुन्हा मिशी! आता शिट्ट्या पडणार, आता आरडाओरडा होणार! पण पहिल्या रांगेतल्या आजी आजोबांना म्हणाल्या, "अहो, बायको गेली ना त्याची, म्हणून काढली असेल."

"आणि चेहरा? तोही काढला का?"

"दुःखानं माणूस ओळखू येत नाही. गप्प बघा."

एका समीक्षकाने तर लिहिले, की मध्येच बदललेला चेहरा ही दिग्दर्शकाची कमाल आहे. मी फुगले आणि लगेच वरमले. कमाल नक्की कुणाची, दिग्दर्शकाची की काकांच्या घाईची? मिशीवाल्यांना मागणी राहिली. दरवर्षी आमचे डबे उघडत, आम्हाला पुसत, वारा देत. मी लाडावले. माझ्या घरच्यांचे डबे तळाच्या ओलसर फळीवर पडून राहिले. त्यांना कुणी विचारले नाही, आणि खरे सांगते, मीही त्यांना हळूहळू विसरले.

मग थिएटर बंद व्हायची वेळ आली आणि चित्रपट संग्रहालयाच्या ताई आल्या. दोहोंपैकी एकाच चित्रपटाची नवी प्रत काढायची, दुसरा भंगारात. त्यांनी मिशीवाले निवडले. मी सुटले! तेवढ्यात, जुने यंत्र चालवायला म्हणून, निवृत्त झालेल्या काकांना बोलावणे गेले. त्यांनी मला उजेडात धरले आणि बिनमिशीचा डॉक्टर पाहिला.

"ताई, हे इथलं नाही. माझ्या हातून अदलाबदल झालीय."

"मग खरं कुठंय?"

तळाचे डबे उघडले. आंबूस वास सुटला. माझी सगळी भावंडे, आणि त्यांच्यात अडकलेले मिशीवाल्यांचे खरे चार नंबर, चिकटून एकेक गोळा झाली होती. काका डोळे पुसत राहिले.

"तुम्ही बोलला नसतात तर कुणाला कळलंही नसतं," ताई म्हणाल्या. "आता काय करायचं?"

"खोटं नको. पण याला टाकूही नका."

म्हणून नव्या प्रतीत माझ्या आधी एक पाटी येते: 'यापुढचा भाग दुसऱ्या चित्रपटातला आहे. मूळ भाग आमच्या निष्काळजीपणामुळे नष्ट झाला.' मी वाचले याचा आनंद मानू, की परक्या घरात एकटे उरले म्हणून रडू, मला अजून कळत नाही. मित्रांनो, एवढे मात्र कळले आहे. कुणाची वस्तू चुकून तुमच्या घरी आली असेल, तर आजच परत करा. उशीर झाला, की परत जायला तिला घरच उरत नाही.