उलट्या शिक्क्याचे गाव

मी एक जुनी वही आहे, आणि मित्रांनो, खरे सांगायचे तर आता मला उघडून घेण्याचाही कंटाळा येतो. पाठीची शिवण उसवली आहे. कोपरे मऊ पडले आहेत. वर्षातले अकरा महिने मी कापराच्या वासाच्या खणात लोकरी मोज्यांखाली पडून असते.

माझ्यावर कोणी काही लिहीत नाही. आमच्याकडे जपानात बहुतेक रेल्वे स्टेशनांवर एका लहानशा टेबलावर रबरी शिक्का आणि शाईची गादी ठेवलेली असते. उतरणारा माणूस तो शिक्का आपल्या वहीत उठवून घेतो. कुठे डोंगर, कुठे देऊळ, कुठे खेकडा. अशा वह्यांपैकी मी एक. सदतीस पाने भरली होती आणि एकच कोरे राहिले होते.

नागोयातल्या ओकुदासाहेबांनी मला लग्नाच्या वर्षी विकत घेतले. ते शाळेत भूमिती शिकवत, त्यामुळे वाकडे काही त्यांना खपत नसे. त्यांनी पहिल्याच दिवशी नियम घालून दिला. दर वर्षी मार्चच्या आरंभी, जर्दाळूच्या जातीच्या झाडांची पांढरी फुले झडायला लागली आणि चेरीचा बहर बघणाऱ्यांची गर्दी अजून यायची असली की, एक सहल. एक गाव, एक शिक्का, एक पान.

पहिले गाव होते हागिनोउरा. समुद्राकाठचे एवढेसे स्टेशन, एक बाक आणि भन्नाट वारा. माझी पाने फडफडत होती म्हणून साहेबांनी मला दोन्ही हातांनी टेबलावर दाबून धरले. समोरून नव्या नवरीने, तोमोएबाईंनी, हसत हसत शिक्का मारला. साहेबांनी मला उचलून पाहिले तर होडी वर आणि आभाळ खाली. साहेब ओरडले नाहीत. त्यांनी बाईंच्या हातातून शिक्का काढून घेतला, जागेवर ठेवला आणि म्हणाले, "तू आपले जेवणाचे डबे धर."

बाईंनी पुढची छत्तीस वर्षे डबेच धरले. साहेब वेळापत्रकाचे जाड पुस्तक घेऊन बसत, गाव ठरवत, गाड्या जुळवत आणि आधी रद्दी कागदावर दोनदा ठसा घेऊन मग माझ्यावर शिक्का मारत. काय सरळ येई तो! बघणारे माझी तारीफ करत. साहेब पाने उलटून दाखवत आणि पहिल्या पानाशी आले की न चुकता म्हणत, "हे आमच्या बाईसाहेबांचं काम." पाहुणे हसत. बाई चहा आणायला उठत. मला ते आवडत नसे. पण वहीला तोंड कुठे असते?

गेल्या पानगळीपासून साहेबांचा उजवा हात थरथरू लागला. ते तो बाहीत लपवतात. या फेब्रुवारीत दोघे खाली शेगडी असलेल्या टेबलाच्या पांघरुणात पाय घालून बसले होते. मी मधोमध, संत्र्यांच्या टोपलीपाशी. मुलगी मिनाको रंगीत पत्रके घेऊन आली होती.

"बाबा, इझूला जा. तिथे चेरी आधीच फुललीय. मी गाडीनं नेते, थेट हॉटेलच्या दारात."

"आणि शिक्का?"

"आता फोनवरसुद्धा मिळतो म्हणे."

"फोनवर नातवंडंही मिळतात. तेवढ्यावर भागतं का?" साहेब म्हणाले. मिनाकोने कपाळाला हात लावला आणि आईकडे पाहिले.

ती गेल्यावर साहेबांनी वेळापत्रक उघडले. दक्षिणेकडे ज्वालामुखी बघायला जावे, तर दोन ठिकाणी पूल चढून गाडी बदलायची. जमिनीने वेढलेल्या आतल्या समुद्रातल्या बेटावर जावे, तर बोट हलणार. एकेक गाव ते पेन्सिलीने खोडत गेले. रेघाही वेड्यावाकड्या येत होत्या. मला फार वाईट वाटले. सदतीस वर्षांत असे कधी झाले नव्हते. शेवटी त्यांनी पेन्सिल ठेवली.

"तूच सांग. कुठं जायचं?"

बाई संत्रे सोलत होत्या. त्यांनी ते पूर्ण सोलले, वरचे पांढरे दोरेही काढले.

"हागिनोउराला."

"तिथे आहे काय? एक समुद्र न् एक बाक."

"मार्चअखेर ती लाईन बंद होतेय. पेपरात आलंय."

"उलट्या शिक्क्याचं गाव," साहेब पुटपुटले. पण खोडले मात्र नाही.

आम्ही गेलो. स्टेशनात आता माणूसही नव्हता. शिक्का दोरीने टेबलाला बांधलेला, गादी अर्धी सुकलेली. वारा मात्र तोच. साहेबांनी रद्दी कागदावर ठसा घेतला. फिसकटला. पुन्हा घेतला, पुन्हा फिसकटला. परतीची गाडी यायला थोडाच वेळ होता आणि पुढची थेट संध्याकाळी. ते माझ्या शेवटच्या कोऱ्या पानाकडे बघत राहिले.

मग त्यांनी शिक्का बाईंच्या पुढे केला. "तू मार."

"मी? नको बाई. पुन्हा बिघडला तर?"

"मार गं. डबे आण इकडे."

डबे त्यांनी मनगटात अडकवले आणि पान उडू नये म्हणून मला दोन्ही हातांनी दाबून धरले. समोरून बाईंनी शिक्क्याची वरची बाजू दाखवणारी खूण दोनदा तपासली, श्वास रोखला आणि शिक्का टेकवला.

होडी वर. आभाळ खाली.

साहेबांच्या बाजूला येऊन पाहताच बाईंचा चेहरा उतरला. "माझ्या हातालाच सवय नाही," त्या म्हणाल्या. साहेब स्वतःच्या हातांकडे बघत होते. शिक्का मारताना मी त्यांच्याकडे तोंड करून होते आणि बाई समोर उभ्या होत्या. बाईंच्या बाजूने शिक्का अगदी सरळ होता.

"त्या वेळीही वही मीच धरली होती ना?"

"हो."

"अशीच?"

"अशीच."

"मग बोलली का नाहीस?"

"रात्री झोपताना लक्षात आलं. तोवर तुम्ही ते सगळ्यांना सांगायचं ठरवून टाकलं होतं. पुढं ऐकून ऐकून मलाही तेच खरं वाटायला लागलं."

गाडी आली. दोघांतले कोणी जागचे हलले नाही, आणि गाडी गेली. साहेबांनी मला हळूच फिरवले, डोके खाली, पाय वर. मागचे पान पुढे आले. पहिला शिक्का सरळ, शेवटचाही सरळ. मधली पाने त्यांनी एकेक करून सगळी पाहिली. डोंगर, देवळे, खेकडे, सारे डोक्यावर उभे.

"बघ," ते म्हणाले, "तुझे दोन्ही बरोबर आहेत. मधले माझेच उलटे."

बाई हसल्या, मग डोळे पुसले, आणि म्हणाल्या, "डबे उघडा आता. संध्याकाळपर्यंत काय वारा खायचाय?"

आता माझ्यात जागा नाही. मी पुन्हा मोज्यांखाली आहे, आणि हरकत नाही, दमलेल्याला अंधार बरा वाटतो. एकच मागणे आहे. मला फेकू नका, आणि कोणी पाहुणा आलाच तर मला उलटे धरून मागच्या पानापासून दाखवा. आणि मित्रांनो, तुमच्या घरात कोणाच्या हातून काही उलटे पडले, तर हसण्याआधी एवढे विचारा, की तेव्हा वही कोणी धरली होती.