जजबाईंच्या पायांखालचे स्टूल

मित्रांनो, ज्या बाईंना सारे गाव चेहऱ्याने ओळखत होते, त्यांना मी कितीतरी वर्षे फक्त पायांनी ओळखले. त्याला माझा इलाज नव्हता. मी एक बुटके, जुने स्टूल आहे. उंची वीतभरापेक्षा थोडी जास्त. चार आखूड पाय, वर एक फळी, आणि फळीवर दोन पावलांच्या झिजेने पडलेले दोन उथळ खळगे. एवढाच माझा देह.

अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराच्या काठी, जिथे लोखंडाच्या खनिजाने जहाजे भरतात, त्या आमच्या गावात फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, कोर्टाची दगडी इमारत आहे. तिथल्या मोठ्या दालनात ज्यूरीचा ओकचा बाक होता. गावातले बारा साधे लोक त्यावर बसत आणि समोरचा माणूस दोषी की निर्दोष हे ठरवत. एकदा तो बाक मोडला. नवा आला तेव्हा बेलिफ आर्व्हिड टोलेफसन यांनी जुन्याची एक फळी बाजूला काढून ठेवली. आर्व्हिड म्हणजे दारापाशी बसणारे आणि न्यायाधीश आत येताना ‘सर्वांनी उठावे’ असे पुकारणारे गृहस्थ. त्याआधी ते गोदीत सुतारकाम करत. चांगले लाकूड फेकणे त्यांना जमत नसे.

त्याच वर्षी हेल्मी सारेला या कोर्टाच्या न्यायाधीश झाल्या. त्या एका खाणकामगाराच्या लेक. राष्ट्राध्यक्षांनी त्यांचे नाव सुचवले, सिनेटने मान्य केले. शपथेच्या दिवशी त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीने, आयलीने, त्यांच्या खांद्यांवर काळा झगा चढवला. तेवढ्यासाठी आयलीला चवड्यांवर उभे राहावे लागले नाही म्हणतात, इतक्या बाई ठेंगण्या होत्या. खुर्ची मात्र ताडमाड पुरुषांच्या मापाची. पहिला आठवडा त्यांनी पाय लोंबकळत ठेवूनच न्याय केला. संध्याकाळी पायांना मुंग्या येत आणि टेबलाला धरून उठावे लागे. आर्व्हिडनी ते पाहिले. पुढच्या सोमवारी, त्या ओकच्या फळीतून घडून, मी टेबलाखाली हजर होते.

“हे कोणी ठेवलं?” बाईंनी विचारले.

“मी, जजबाई. समोरून कोणाला दिसत नाही.”

“म्हणजे मी ठेंगणी आहे, असं तुमचं म्हणणं?”

“कोर्टात मी मत देत नाही, जजबाई.”

बाई हसल्या. मग त्यांनी दोन्ही पाय माझ्यावर टेकले. त्यांच्या आधीच्या न्यायाधीशांची गोष्ट तेव्हा दोघांच्याही मनात असावी. ही नेमणूक जन्मभराची असते. ते वृद्ध गृहस्थ शेवटी शेवटी वकिलांची नावे विसरत, मग समोरचा खटलाच विसरत. सारे कोर्ट ‘होय साहेब’ म्हणत माना डोलावत राहिले. त्यांनी शिक्षा दिलेले मात्र खरोखरच तुरुंगात जात होते.

“आर्व्हिड,” बाई म्हणाल्या, “माझ्यावर तशी वेळ आली तर मला सांगाल?”

“मी ‘उठा’ म्हणतो ते बाकीच्यांना. तुम्हाला कसं म्हणू?”

“मग म्हणू नका. हे स्टूल उचलून न्या. माझं मी समजेन.”

अशा रीतीने, मित्रांनो, पहिल्याच दिवशी माझ्यावर दोन कामे सोपवली गेली. एक रोजचे, आणि एक कधीच येऊ नये असे.

माझ्या जागेवरून जग फार थोडे दिसे. टेबलाची पुढची बाजू फळ्यांनी बंद होती. खाली बोटभर फट होती, तेवढीच माझी खिडकी. त्या फटीतून मला जोडे दिसत. वकिलांचे चकाकणारे, साक्षीदारांचे चिखलाचे, आणि कैद्यांच्या बिनलेसच्या कापडी सपाता. आवाज मात्र सगळे ऐकू येत. दहा वर्षांची शिक्षा ऐकल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो? सुटलेला माणूस आधी कोणाकडे बघतो? आणि हे सगळे जिच्या तोंडून येते, तिचा चेहरा तेव्हा कसा असतो? मला या गोष्टींचे अतोनात कुतूहल होते. लाकडाला मान नसते, नाहीतर मी ती कितीदा उंचावली असती.

पण पाय मला सारे सांगत. बाहेर बर्फ असले की बाई टेबलाखाली बूट काढून ठेवत; झग्याखाली नुसते लोकरीचे मोजे असत, लाल-पांढऱ्या नक्षीचे. समोरच्या कोणालाही हे माहीत नव्हते. वकील पाल्हाळ लावू लागला की त्यांचे घोटे एकमेकांवर चढत. साक्ष खरी वाटली की बोटे माझी कड घट्ट धरत. आणि शिक्षा सुनावण्याआधी त्या दोन्ही पावले माझ्यावर सपाट ठेवत, शेजारी शेजारी, आणि बोलून होईपर्यंत हलवत नसत. माझ्यावरचे खळगे त्याच वेळचे आहेत.

परदेशातून आलेले लोक इथले नागरिक होण्याची शपथ घेत, तो दिवस सर्वांत आनंदाचा. त्या दिवशी फटीतून नवे कोरे जोडे दिसत. बाई खाली उतरून प्रत्येकाशी हात मिळवत. एकदा त्या घाईत तशाच निघाल्या आणि आर्व्हिड कुजबुजले, “जजबाई, बूट.” पण उशीर झाला होता. एका सोमाली आजीबाईंनी ते लाल-पांढरे मोजे पाहिले आणि त्या इतक्या हसल्या की सगळे दालन हसू लागले.

कधी शनिवारी बाई निकाल लिहीत बसत. तेव्हा आयली टेबलाखाली माझ्यावर बसून वेलचीचा पाव खाई. त्याचा चुरा माझ्या सांध्यात अजून असेल. पुढे ती बापासारखी उंच झाली, दूरच्या शहरात शिक्षिका झाली, आणि टेबलाखाली मावेनाशी झाली.

मग एका हिवाळ्यात बाईंचे पाय मला शोधू लागले. मी जिथे होते तिथेच होते. पण पाऊल आधी डावीकडे जाई, मग मागे, आणि मग थांबून राही. आता चांगली साक्ष चालू असतानाही घोटे एकमेकांवर चढत. आर्व्हिड रोज संध्याकाळी दिवे मालवताना वाकून माझ्याकडे बघत, मला हातही लावत. आणि तसेच निघून जात.

मार्चमध्ये लाइल बर्गस्टाड नावाच्या ट्रकचालकाचे प्रकरण आले. कॅनडाच्या सीमेवरून त्याने चोरून सिगारेटी आणल्या होत्या. गुन्हा त्याने कबूल केला होता. फक्त शिक्षा ठरायची होती. त्या दुपारी बाईंनी त्याला विचारले, बंदूक कुठे टाकलीस? बंदूक दुसऱ्याच खटल्यात होती. वकिलाने अदबीने चूक दाखवली. थोड्या वेळाने बाईंनी पुन्हा तेच विचारले, आता जरा कठोरपणे. त्याच्या कापडी सपाता अर्धे पाऊल मागे सरकताना मला दिसल्या. शिक्षा उद्या सकाळी, असे सांगून बाई उठल्या.

आयली तेव्हा आईच्या वाढदिवसासाठी आली होती आणि मागच्या बाकावर बसली होती. दालन रिकामे झाले तरी ती उठली नाही.

“तुझ्या लक्षात आलं?” आर्व्हिडनी विचारले.

“ख्रिसमसलाच आलं होतं. आईने पावात वेलची दोनदा घातली. मग मिठाऐवजीही वेलचीच.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही का नाही बोललात?”

सरोवरावरून एका जहाजाचा भोंगा आला.

“मला वाटायचं, उद्या बरं असेल,” आर्व्हिड म्हणाले.

“उद्या त्या माणसाला शिक्षा आहे, आर्व्हिडकाका.”

तेव्हा ते टेबलामागे आले, गुडघ्यांवर बसले, आणि त्यांनी मला उचलले. हे काय करताय, असे आयलीने विचारले. “तुझ्या आईने दिलेलं काम,” एवढेच ते म्हणाले.

सकाळी मी दारापाशी, आर्व्हिडच्या खुर्चीजवळ होते. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मला सगळे दालन दिसले. सपातांच्या वर एक चेहरा होता, कोवळा आणि घामेजलेला. त्याच्यामागे त्याची बायको ओठ दाबून बसली होती. बाई आत आल्या. सर्व उठले, सर्व बसले. त्यांचे पाय आता मला दिसत नव्हते, पण ते काय करत असतील हे मला माहीत होते. डावीकडे. मग मागे. मग थांबणे.

आणि मी त्यांचा चेहरा पाहिला. किती लहानसा होता तो, त्या उंच पाठीच्या खुर्चीत. त्यांनी वाकून खाली पाहिले. मग आर्व्हिडकडे. आर्व्हिडची नजर जमिनीवर होती. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. मला वाटले होते त्या रागावतील. पण एखादी साक्ष खरी वाटली की पायांची बोटे जशी माझी कड धरत, तसा त्यांचा चेहरा ठाम झाला.

“मिस्टर बर्गस्टाड,” त्या म्हणाल्या, आणि नाव बरोबर होते, “तुमचं प्रकरण दुसरे न्यायाधीश ऐकतील. ते नीट ऐकलं जावं, हा तुमचा हक्क आहे.” मग त्या आर्व्हिडकडे वळल्या. “पुकारा.”

आर्व्हिडनी ‘सर्वांनी उठावे’ असे पुकारले, आणि बाई सगळ्यांच्या आधी उठल्या.

नंतर आतल्या खोलीत बाईंनी झगा काढून आयलीच्या हातात दिला. आर्व्हिड मला घेऊन दारातच उभे होते.

“उशीर केलात, आर्व्हिड.”

“हो, जजबाई.”

“किती?”

“एक हिवाळा.”

“मग त्या हिवाळ्यातला माझा प्रत्येक निकाल दुसऱ्या कोणीतरी पुन्हा तपासायला हवा. आजच मुख्य न्यायाधीशांना फोन लावून द्या. उद्यापर्यंत मी विसरेन.”

तो फोन झाला. ते निकाल तपासले गेले; काही बदललेही. लाइल बर्गस्टाडचे काय झाले ते मला कळले नाही. माझे कुतूहल तिथे उपाशीच राहिले.

पुढची वर्षे मी बाईंच्या स्वयंपाकघरात, सरोवराकडच्या खिडकीशी काढली. बाई खटले विसरल्या, वाक्ये विसरल्या, आणि एका कडाक्याच्या थंडीत आयलीचे नावही विसरल्या. पाय मात्र रोज माझ्यावर येत, सपाट, शेजारी शेजारी. आयली समोर बसून कॉफी ढवळत ते पाहत असे. मागच्या शरद ऋतूत पाय यायचे थांबले.

घर आवरताना मला आधी देऊन टाकायच्या सामानात ठेवले होते, तळघरात पडलेल्या, बर्फावर खेळायच्या घसरगाडीशेजारी. मग आयलीने मला परत आणले आणि आपल्या टेबलाखाली ठेवले. तिला माझी गरज नाही. माझ्यावर पाय ठेवले की तिचे गुडघे टेबलाला लागतात. तरी ती ठेवते.

मित्रांनो, मला पुसून ठेवा, तेलपाणी करा, असे मी म्हणणार नाही. माझे मागणे वेगळे आहे. कधी मोठ्या खुर्चीत बसलात, तर जे उचलून नेण्याचा हक्क दुसऱ्या कोणाला असेल असे काहीतरी पायांशी ठेवा. आणि आपल्या माणसाने तो हक्क तुमच्या हाती दिला असेल, तर वाकून नुसते पाहून परत जाऊ नका. एक हिवाळा फार मोठा असतो.