वैशाखाचे उरलेले बारा दिवस

"मास्टरमोशाय, हलू नका. पाय आहे तिथंच ठेवा."

निर्मलाताई हे इतकं हळू बोलल्या, की स्टुलावर चढलेल्या परिमल सरखेलांना ते ऐकू जाणं कठीणच होतं. ऐंशीचं वय, एक कान अधू. दोन्ही हातांत पाण्याची कळशी धरून ते अनंताच्या फांदीला टांगलेल्या तांब्याच्या पात्रात पाणी ओतत होते. पण निर्मलाताईंचा चेहरा पाहून ते थांबले, आणि त्यांची नजर जिथं खिळली होती तिथं त्यांनीही वाकून पाहिलं.

स्टुलाच्या पायाशी, पाचोळ्यात, एक पक्षी उभा होता.

मूठभर जीव. शेपूट म्हणाल तर नावाला. पाठ केळीच्या कोवळ्या पानासारखी हिरवी. छातीला नुकतंच उगाळून लावलेलं चंदन. डोळ्यांवरून काजळाची जाड रेघ, तिच्यावर पांढरी भुवई, खांद्यावर निळा चमकता ठिपका आणि पोटाखाली, अगदी मागे, कुंकू. सगळं जागच्या जागी, कुणीतरी निवांत बसून पूजा बांधावी तसं.

निर्मलाताईंच्या हातातली परडी कलली. मोगऱ्याच्या चार कळ्या खाली पडल्या, तरी त्यांना भान नव्हतं. पक्षी टुणकन उडी मारून झाडाखालच्या छोट्या दगडी पिंडीपाशी आला. पात्राच्या बुडातल्या भोकातून, सुती दोऱ्यावरून, पिंडीवर थेंब थेंब पाणी पडत होतं. शाळुंकेच्या टोकाशी ते साचत होतं. पक्ष्यानं तिथं चोच बुडवली, मान वर केली, घोट गिळला. पुन्हा चोच बुडवली, पुन्हा मान वर.

"नओरंग," मास्टरमोशाय पुटपुटले. "शेफालीनं एकदा इथंच पाहिला होता. मी म्हटलं होतं, पोपट दिसला असेल तुला." मग कळशी सावरत म्हणाले, "माफी मागायची राहिली की तिची."

"नऊ रंग? मला सातच दिसतात."

"पक्षी आहे तो, बऊमा. वर्गातला मुलगा नाही, हजेरी घ्यायला."

त्यांच्या हसण्यानं पक्षी भुर्रकन जास्वंदीमागे गेला. निर्मलाताईंनी नकळत हात जोडले. रोज इतकी वर्षं त्या देवाला नमस्कार करत होत्या, पण देवानं असं समोर येऊन पाणी प्यावं, हे त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं.

बागबाजारातल्या त्या जुन्या घराच्या खालच्या मजल्यावर निर्मला खांबेटे भाड्यानं राहत होत्या, वरच्या मजल्यावर घरमालक सरखेल. जन्मभर शाळेत गणित शिकवलेले, म्हणून साऱ्या गल्लीचे मास्टरमोशाय. दोघांची बोलायची भाषा म्हणजे हिंदीत निम्मी बंगाली आणि बाकीची मराठी कालवलेली. मास्टरमोशाय त्यांना बऊमा, म्हणजे सूनबाई, म्हणायचे. निर्मलाताई राहायला आल्या त्याच दिवशी मास्टरमोशाय म्हणाले होते, "बर्ग्यांना, म्हणजे तुमच्या मराठा स्वारांना, अडवायला आमच्या पूर्वजांनी इथून मराठा खंदक खणला. आणि आता पाहा, बर्गी माझ्याच घरात, तीही पूजेची घंटा वाजवत!" त्यांचा देवावर विश्वास नव्हता. तरी बायको गेल्यानंतर दर बैशाखात तिचं मातीचं मडकं ते तुळशीवर टांगायचे, तिच्यासारखंच बुडाला भोक पाडून. विचारलं तर म्हणायचे, "देव मानत नाही. शेफालीचं मडकं मानतो."

मागच्या बाजूला चार खाटांएवढी जागा. तिथं निर्मलाताईंनी मोगरा, तगर, जास्वंद लावली होती. अनंताचं झाड शेफालीदींच्या हातचं. इथं त्याला गंधराज म्हणतात. वैशाखात ते पांढऱ्याशुभ्र फुलांनी भरायचं आणि संध्याकाळी त्याचा वास जिन्यातून वरच्या मजल्यापर्यंत चढायचा. जास्वंदीवर शिंजीर यायचे, तगरीत बुलबुलांचं भांडण चालायचं, शेजारच्या कडुनिंबावर दयाळ गायचा. पण नवरंगासारखं कुणी आलं नव्हतं.

त्या दिवसापासून निर्मलाताईंनी अनंताखालचा पाचोळा झाडणं बंद केलं. पाचोळा उलथून त्यातले किडे टिपणं हेच त्या पक्ष्याचं जेवण, हे दोन दिवसांत त्यांच्या ध्यानात आलं. अंगण झाडून, सडा घालून, रांगोळी काढल्याशिवाय चहाचा घोट न घेणाऱ्या बाईनं निम्मं अंगण तसंच सोडलं. रांगोळी दाराशी आली, चार ठिपक्यांची झाली. पहाटे आणि तिन्हीसांजेला पक्षी दोन सुरांची शीळ घालायचा. ती ऐकू आली की निर्मलाताईंचं स्तोत्र मध्येच थांबायचं, आणि शीळ संपली की पुढं सुरू व्हायचं.

"कुठून आला असेल हो?"

"दक्षिणेकडून. हिमालयाच्या पायथ्याला चाललाय, घरटं बांधायला. दमला, म्हणून उतरला. आठ-दहा दिवस राहील, जाईल."

"माझ्यासारखाच," त्या म्हणाल्या.

महिनाअखेर त्या निवृत्त होणार होत्या. मग पुण्याला, लेकीकडे.

या वैशाखाची त्यांना काळजी होती ती वेगळ्याच कारणानं. हे बारावं वर्ष. वैशाखभर पिंडीवरची धार एकदाही तुटू द्यायची नाही, अशी बारा वर्षं गळती लावायची, असा त्यांचा संकल्प होता. कशासाठी, ते त्यांनी लेकीलाही सांगितलं नव्हतं.

यजमान हेमंत इथं बदली होऊन आले आणि दुसऱ्याच वर्षी पोटाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात पडले. पाणी बंद होतं. बाहेर असाच वैशाख. "निमे, एक घोट," ते म्हणायचे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, एक घोटही जिवावर बेतेल. डॉक्टरांचं बरोबर होतं, निर्मलाताईंना ते कळत होतं. त्या कापूस ओला करून त्यांच्या ओठांवर टेकवायच्या, तेवढीच परवानगी होती. ते कापूस चोखू पाहायचे, आणि त्या काढून घ्यायच्या. तिसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. हातातला कापूस तोवर सुकला होता.

त्यांच्याच कचेरीत अनुकंपेवर कारकुनाची नोकरी मिळाली, लेक शिकली, लग्न होऊन गेली. निर्मलाताई सोमवार, प्रदोष, एकादशी करत राहिल्या. कुणी विचारलं तर हसून म्हणायच्या, "सवय हो, दुसरं काय." एवढ्या वर्षांत कापूस हातात घेऊन वात वळताना त्यांचे हात क्षणभर थांबले नाहीत, असं एकदाही झालं नाही.

चैत्राली फोनवर म्हणाली होती, "आई, इकडे चौदाव्या मजल्यावर गळतीबिळती नाही हं जमायची. खालच्यांच्या बाल्कनीत पाणी पडलं की सोसायटी भांडायला येते."

"नाही गं. यंदा संपतंय."

आणि यंदाच नेमका उजवा खांदा धरला. हात खांद्याच्या वर जाईना. अकरा वर्षं दुसऱ्या कुणाचा हात न लागलेली गळती त्यांनी मास्टरमोशायांच्या हाती सोपवली. त्यांनी ती नेमानं सांभाळली. सकाळी आठला स्टूल, कळशी आणि एक टोमणा, "महादेवा, घे बाबा, एका नास्तिकाकडून घे."

त्या गुरुवारी कचेरीत निवृत्तीचे कागद भरून झाले. शेजारच्या टेबलावरचे अरुणबाबू भिंतीवरचं बंगाली कॅलेंडर काढून त्याचं पान उलटत होते.

"आजच उलटता?"

"आज संक्रांती, दिदी. बैशाख संपला. उद्यापासून ज्येष्ठ. आता आंबे खायचे."

निर्मलाताईंचं पेन थांबलं.

इथला बैशाख सूर्यावर मोजलेला, त्यांचा मराठी वैशाख चंद्रावर. दोन्ही एकदम कधीच संपत नाहीत. त्यांच्या वैशाखाचे अजून बारा दिवस उरले होते. दर वर्षी या दिवशी मास्टरमोशाय आपलं मडकं उतरवत आणि निर्मलाताईंचं तांब्याचं पात्र तसंच टांगलेलं राही, कारण त्याला हात लावायचं त्यांना कारणच नव्हतं. यंदा सगळंच त्यांच्या हाती होतं. आणि एवढी साधी गोष्ट सांगायची राहून गेली होती.

त्यांनी फोन लावला. वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"मला घरी जायला हवं," त्या साहेबांपुढं उभ्या राहिल्या. अर्ध्या दिवसाची रजा त्या पहिल्यांदाच मागत होत्या.

"तब्येत बरी नाही का?"

"बरी आहे. पाणी," एवढंच त्या बोलल्या.

एस्प्लनेडहून मेट्रोत बसल्या, तेव्हा डबा गार होता आणि त्यांना घाम फुटलेला. श्यामबाजारला उतरून त्या चालत निघाल्या. ऊन असं, की रस्त्याकडेचा गुलमोहर पेटल्यासारखा दिसत होता. पंधरा दिवसांत वळवाचा टिपूस नव्हता. मनाशी त्या म्हणत होत्या, मास्टरमोशाय विसराळू आहेत, पात्र उतरवायचं विसरले असतील. देवा, विसरू दे त्यांना.

विसरले नव्हते. जिन्याच्या कठड्यावर मातीचं मडकं पालथं घातलेलं होतं, आणि शेजारी तांब्याचं पात्र. चिंचेनं घासून लख्ख केलेलं, कोरडं.

निर्मलाताईंनी कठडा धरला. ओरडावंसं वाटलं, पण ओरडायचं कसं ते त्यांना ठाऊक नव्हतं. अकरा वर्षं आणि अठरा दिवस. मग एकदम पक्षी आठवला, आणि त्या चपला तशाच टाकून मागे गेल्या.

अनंताच्या फांदीला काळी छत्री उघडून अडकवलेली दिसली. तिच्याखाली स्टुलावर मास्टरमोशाय, बनियन घामानं पाठीला चिकटलेलं. पाय अनवाणी. चपला त्यांनी पार तगरीपाशी काढून ठेवल्या होत्या. उजवा हात पिंडीवर ताठ धरलेला, मुठीत ओला गमछा, आणि त्या हाताचं कोपर डाव्या हातानं उचलून धरलेलं. गमछ्याच्या टोकातून थेंब पडत होता. मग पुन्हा एक. शेजारी बादली.

"हळू या," ते ओठांतल्या ओठांत म्हणाले. "आहे. जास्वंदीखाली."

त्या जवळ जाऊन जमिनीवर बसल्या.

"दहाला उतरवलं मी. म्हटलं, तुम्ही याल तेव्हा सगळं स्वच्छ घासूनपुसून ठेवू, खूश व्हाल. मग हा आला. दगडापाशी उभा राहिला, वर पाहिलं. पुन्हा खाली पाहिलं, पुन्हा वर. चोच अशी उघडी. मला इतकी लाज वाटली, बऊमा." बोलतानाही त्यांचा हात खाली येत नव्हता. "पात्र टांगायला गेलो तर दोरा मीच उपसून फेकलेला. दोऱ्याशिवाय सगळं पाणी एकदम वाहून जातं. म्हणून मग गमछा."

"दहापासून?"

"साडेदहा. फोन वाजत होता वर. उठलो नाही." पिंडीवरची नजर न काढता ते म्हणाले, "अर्धा तास दगड कोरडा होता. तुमच्याशी खोटं बोलणार नाही. आणि हे पूजा म्हणून नाही केलं हं. पक्ष्यासाठी केलं."

घड्याळात अडीच वाजले होते.

अर्धा तास. धार तुटली की संकल्प तुटला, हे शास्त्र निर्मलाताईंना पाठ होतं, कुणाला विचारायची गरज नव्हती. ओल्या कापडाकडे त्या पाहत राहिल्या. त्याचं टोक फुगायचं, लांबायचं, आणि थेंब सुटायचा.

जास्वंदीखाली पाचोळा वाजला. नवरंग बाहेर आला. या वेळी तो एका उडीवर थांबला नाही. निर्मलाताईंच्या पदराला वळसा घालून, हाताच्या अंतरावर आला. उन्हाचा कवडसा त्याच्या पाठीवर पडला आणि हिरव्यातून असं काही उजळलं, की त्याला नाव द्यायला त्यांच्याजवळ शब्द नव्हता. हाच आठवा रंग असावा, असं त्यांना वाटलं. एवढासा जीव, किती रान, किती नद्या ओलांडून आलेला, आणि पाण्यासाठी त्यांच्या दारात उभा.

"द्या," त्या म्हणाल्या.

"तुमचा खांदा..."

"द्या, मास्टरमोशाय."

त्यांनी गमछा बादलीत बुडवला. दुखरा हात डाव्या हातानं जेवढा वर जाईल तेवढा उचलून धरला. तो फार वर गेला नाही, पण पक्ष्याला तेवढा पुरेसा होता. त्यानं शाळुंकेच्या टोकाशी चोच बुडवली, मान वर केली. निर्मलाताईंनी गमछा काढून घेतला नाही. तो प्यायला. पुन्हा प्यायला. कितीतरी वेळ पीत राहिला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला एकही हात मोकळा नव्हता.

मास्टरमोशाय आखडलेली बोटं एकेक करून उघडत होते. "तुमचा वैशाख अजून किती दिवस?"

"बारा."

"मग दोरा वळायला हवा. शेफालीच्या डब्यात कापूस असेल."

"आणा. मी वळते."

ते अनवाणीच उठले आणि दारापर्यंत चवड्यांवर गेले. पक्ष्यानं तेवढ्यापुरती मान वळवली, आणि पुन्हा चोच पाण्यात घातली.